लखनौचा ‘बडा मंगल’ : नवस फेडण्याचा ज्येष्ठ महिना

उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ येथे ज्येष्ठ महिन्यातील प्रत्येक मंगळवार ‘बडा मंगल’ म्हणून पाळला जातो. हे दिवस हनुमानाच्या उपासनेचे असले, तरी शहरातील कुटुंबांच्या दृष्टीने ते प्रामुख्याने कृतज्ञतेचे दिवस आहेत. वर्षभरात एखादी मनोकामना पूर्ण झाली, घरातील आजारी माणूस बरा झाला, मुलाला नोकरी लागली, रखडलेला विवाह जुळला, की त्याची परतफेड या मंगळवारी रस्त्यावर मांडव घालून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालून केली जाते. या अन्नदानाला येथे ‘भंडारा’ म्हणतात. जेजुरीच्या भंडाऱ्याशी, म्हणजे खंडोबाच्या हळदीशी, या शब्दाचा येथे संबंध नाही. आपल्याकडील महाप्रसादाच्या पंगतीशी मात्र निश्चित आहे.

उत्तर भारतात पौर्णिमेला संपणारा महिना प्रचलित असल्याने तेथील ज्येष्ठ महाराष्ट्रातील ज्येष्ठापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. त्यामुळे लखनौचे पहिले एक-दोन बडे मंगळवार मराठी पंचांगानुसार वैशाख वद्य पक्षात येतात. 2025 साली 13 मे ते 10 जून या काळात असे पाच मंगळवार आले होते. एरवी त्यांची संख्या चार किंवा पाच असते. या निमित्ताने शहरात स्थानिक सुटी देण्याची प्रथाही आहे.

बेगम, व्यापारी आणि चंद्रकोर

या प्रथेचे मूळ गोमती नदीच्या उत्तरेकडील अलीगंज भागातील जुन्या हनुमान मंदिरात सांगितले जाते. अवधचे नवाब शुजाउद्दौला (कारकीर्द 1754 ते 1775) यांच्या एका बेगमने हे मंदिर उभारले, अशी लखनौची परंपरागत समजूत आहे. बेगमला स्वप्नात दृष्टान्त झाला, सांगितलेल्या जागी उत्खनन करता मूर्ती सापडली, ती हत्तीवरून नेली जात असताना हत्ती वाटेत बसला आणि काही केल्या उठेना. तेव्हा तेथेच मंदिर बांधले गेले, अशी ही कथा आहे. तिच्या पुत्रप्राप्तीच्या नवसाचीही जोड काही जण या कथेला देतात. बेगमच्या ‘जनाब-ए-आलिया’ या किताबावरून अलीगंज हे नाव पडले, असेही येथे मानतात. तिचा पुत्र सआदत अली खान पुढे 1798 ते 1814 या काळात अवधच्या गादीवर होता. त्याचे घरातील नाव ‘मिर्झा मंगली’ असे होते, ही नोंद या संदर्भात लक्ष वेधून घेते.

दुसरी कथा जटमल नावाच्या व्यापाऱ्याची आहे. केशर-कस्तुरीचा मोठा साठा घेऊन तो लखनौला आला. परंतु मालाला गिऱ्हाईक मिळेना. हताश होऊन त्याने अलीगंजच्या मूर्तीपुढे नवस बोलला. त्याच सुमारास अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह (कारकीर्द 1847 ते 1856) कैसरबागेचे बांधकाम करीत होते. त्यांनी सारा माल एकरकमी विकत घेतला आणि जटमलने कृतज्ञतेपोटी अलीगंजमध्येच दुसरे मंदिर बांधले. आज ‘नवे हनुमान मंदिर’ म्हणून ओळखले जाते ते हेच, असे सांगतात. या कथांना दस्तऐवजांचा आधार शोधू गेल्यास फार काही हाती लागत नाही आणि कालगणनेचा मेळही सर्वत्र बसत नाही. परंतु जुन्या मंदिराच्या शिखरावर असलेली चंद्रकोर प्रत्यक्ष पाहता येते. दोन्ही कथांचा गाभाही एकच आहे: कोणीतरी मागितले, ते मिळाले, आणि मग स्वस्थ बसवले नाही.

घरातला नवस, रस्त्यावरची पंगत

भंडाऱ्याची तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते. मोठा भंडारा असेल तर हलवाई बोलावला जातो. लहान असेल तर घरातील आणि शेजारपाजारच्या स्त्रिया पुऱ्या लाटतात, पुरुष बटाटे सोलतात, मुले द्रोण आणि पाण्याचे पेले रचून ठेवतात. सकाळी पहिले ताट हनुमानाला दाखवले जाते आणि मग वाटप सुरू होते. पुरी आणि बटाट्याची किंवा भोपळ्याची भाजी, सोबत बुंदी, हा ठरलेला बेत. कोठे कढी-भात, कोठे छोले-भात. जुने लोक सांगतात, की पूर्वी गूळ, धने, भिजवलेले चणे आणि थंड पाणी एवढेच असे. ज्येष्ठात लखनौचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते, हे लक्षात घेतले, तर पाणपोई हेच या प्रथेचे मूळ रूप असावे, हे पटण्यासारखे आहे.

या दिवशी सायकल-रिक्षावाला, कचेरीतील कारकून, परगावचा विद्यार्थी आणि मोटारीतून उतरलेला दुकानदार एकाच रांगेत द्रोण घेऊन उभे असतात. घेणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण तो दान घेत नसतो. तो यजमानाचा नवस पुरा करीत असतो. भंडारा घालणाऱ्या कुटुंबांना खरी काळजी असते ती कोणी आले नाही तर काय, याची. म्हणूनच घरातील मुले भर उन्हात रस्त्यावर उभी राहून वाहने थांबवतात आणि हात जोडून आग्रह करतात. अनेक घरांत त्या दिवशी चूल पेटत नाही.

ज्यांची ऐपत मोठ्या भंडाऱ्याची नसते, ते शेजाऱ्यांच्या भंडाऱ्यात पिठाचे पोते, तेलाचा डबा किंवा नुसते श्रम देतात. काही कुटुंबांत आजोबांनी बोललेला नवस नातवंडे फेडत असतात. नवस कशासाठी होता, हे घरातील धाकट्यांना कित्येकदा ठाऊकही नसते; परंतु वर्ष चुकवण्याचा विचार कोणी करीत नाही. महाराष्ट्रातील कुलधर्माची, गोंधळाची वा बोडणाची आठवण यावी, अशी ही गोष्ट आहे. फरक एवढाच, की आपल्याकडील कुलाचार बहुधा घराच्या उंबरठ्याच्या आत आणि आप्तेष्टांमध्ये होतो, तर लखनौचा नवस अनोळखी माणसाशिवाय फिटत नाही. काही भाविक लाल वस्त्र नेसून घरापासून मंदिरापर्यंत तापलेल्या रस्त्यावरून लोटांगण घालीत जातात. त्यांच्या पुढे घरातील माणसे वाट मोकळी करीत आणि रस्त्यावर पाणी शिंपडीत चालतात.

गोमतीकाठच्या हनुमान सेतू मंदिराचा येथे वेगळा उल्लेख करावा लागेल. 1967 साली प्रतिष्ठापना झालेल्या आणि नीम करोली बाबांशी निगडित असलेल्या या मंदिरात भाविकांची पत्रे टपालाने येतात. प्रत्यक्ष येऊ न शकणारे लोक आपले मागणे हनुमानाला लिहून कळवतात.

अवधच्या शिया घरांतही याच जातीचा एक दिवस आहे. रज्जब महिन्याच्या 22 तारखेला इमाम जाफर सादिक यांच्या नावाने ‘कुंडे’ भरले जातात. मातीच्या कुंड्यांत पुऱ्या आणि खीर ठेवून नातलग व स्नेह्यांना बोलावतात. रूढीप्रमाणे हे अन्न घराबाहेर नेत नाहीत, तेथेच बसून खायचे असते. मोहरममध्ये ठिकठिकाणी लागणारी सबील, म्हणजे सरबत-पाण्याची मोफत व्यवस्था, आणि ज्येष्ठातील पाणपोई यांत दिसायला फारसा फरक नाही. या शहराने आभार मानण्याची एकच रीत दोन पंचांगांत बसवली आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ साजरे होते. लिंकन यांनी 1863 मध्ये राष्ट्रीय स्तरावर त्याची घोषणा केली आणि 1941 मध्ये कायद्याने वार निश्चित झाला. तेथील मराठी कुटुंबेही या सुटीत एकत्र येतात. परंतु तो दिवस दूरच्या मुलांनी घरी परतण्याचा आहे. बड्या मंगळवारी घरचेच लोक दाराबाहेर पडतात.

बंद मंदिरांचे वर्ष

2020 साली या प्रथेची कसोटी लागली. त्या वर्षी 12 मे ते 2 जून दरम्यान चार बडे मंगळवार आले आणि चारही वेळा मंदिरे बंद होती. देशभरातील देवळे 8 जूनपासून टप्प्याटप्प्याने उघडली. रस्त्यावर मांडव घालणे अशक्य होते. नवस मात्र बोललेले होते, आणि त्या उन्हाळ्यात भुकेलेल्या माणसांची वाण नव्हती. स्थलांतरित मजुरांचे जथे लखनौच्या वेशीवरून पूर्वेकडे आपापल्या गावी जात होते. ज्यांना शक्य झाले, त्यांनी घरी केलेले अन्न बांधून गरजूंपर्यंत पोहोचवले. इतरांनी घरातच नैवेद्य दाखवून उरलेले पुढील वर्षावर सोडले. 2021 च्या ज्येष्ठातही दुसऱ्या लाटेची छाया होती. त्या वर्षी अनेक घरांत आभार कशाचे मानायचे, हाच प्रश्न होता.

निर्बंध उठल्यावर भंडारे पुन्हा सुरू झाले, आणि त्यांच्यासोबत जुन्या तक्रारीही. काही ठिकाणी देवापेक्षा फलकावरील चेहरा मोठा असतो. ध्वनिवर्धकांचा त्रास होतो, वाहतूक तुंबते, आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेला प्लास्टिकचे पेले आणि अर्धवट खाल्लेल्या पुऱ्यांचे ढीग पडतात. यातील शेवटची तक्रार सर्वांत गंभीर मानावी लागेल; अन्नाने फेडायच्या ऋणात अन्नाचीच नासाडी होत असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांनाही ते रुचत नाही. स्थानिक प्रशासन आणि काही स्वयंसेवी मंडळी पत्रावळी-द्रोण वापरण्याचा व कचरा उचलून नेण्याचा आग्रह धरतात. त्याला प्रतिसादही आहे, परंतु तो मोहल्ल्यागणिक बदलतो.

लखनौशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 मध्ये येथे सुरू झालेले संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यांतून सोने-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी बाहेर पडलेली कुटुंबेही उत्तरेच्या अनेक सराफ बाजारांत स्थिरावली आहेत. बड्या मंगळवारच्या रांगेत कोणाचे गाव विचारले जात नाही, हे अशा परगावी आलेल्या माणसाला प्रथम जाणवते.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. महाराष्ट्रात हा ‘धोंड्याचा महिना’, जावयाला अनारशांचे वाण देण्याचा. लखनौमध्ये त्याचा अर्थ ज्येष्ठ दोन महिन्यांचा होणे आणि 5 मे ते 23 जून या काळात चारऐवजी आठ बडे मंगळवार येणे असा आहे. हलवाई, मांडववाले आणि भांडी भाड्याने देणारे यांच्यासाठी हा हंगाम दुप्पट होतो. कुटुंबांपुढे मात्र आठांपैकी आपला मंगळवार कोणता, हे ठरवण्याचे काम असते.