राखोलीचे ट्रक आणि चालकांची हृदयं

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या तावडीतून सुटलं. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरेही होते. १९६१ मध्ये दादरा-नगर हवेली रीतसर भारतात आली. मोटार वाहतूक कामगार कायदाही त्याच वर्षीचा: दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असा त्याचा नियम होता.

पुढे सिल्वासाच्या पिपरियाला औद्योगिक वसाहत झाली आणि करसवलतींच्या जोरावर कारखाने दमणगंगेकाठच्या राखोलीपर्यंत पोचले. रेल्वे मात्र वापीलाच. त्यामुळे सुताचे खोके काय, प्लास्टिक काय, सगळी भिस्त ट्रकवर.

फाळक्यावर चढून ताडपत्री ताणायची, दोरखंड आवळायचा. चालकाच्या अंगाला व्यायाम एवढाच. मग तासन्‌तास स्टिअरिंग, तंबाखूचा बार, ढाब्यावरची तर्रीदार भाजी, तुटक झोप. रक्तदाब मुकाट वाढतो.

हे धोके नवे नाहीत. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बैठ्या चालकांना हृदयविकार जास्त होतो, हे संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं.

२०२५ मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. आता कारखान्यांनी वजनकाट्याशेजारी रक्तदाब मोजायचं यंत्रही ठेवावं. त्याला फारसा खर्च येत नाही.