गोव्यातील पूर्वजांचा शोध : नोंदवह्या, महाजनांच्या याद्या आणि शिलालेख

घराण्याचा मागोवा घेऊ पाहणारा गोमंतकीय बहुधा आडनावापासून आरंभ करतो, आणि तेथेच त्याची वाट चुकते. गोव्यात आडनाव हा सर्वांत कच्चा धागा आहे. बोरकर हे आडनाव बोरीत राहणाऱ्याला लागण्याचे कारण नव्हते. बोरी सोडून दुसऱ्या गावी स्थायिक झालेल्याला शेजाऱ्यांनी ते दिले. लोटलीकर, वेर्णेकर, कुंकळ्येकर यांचेही तसेच. म्हणजे अशा आडनावातून घराणे कोठून निघाले एवढेच कळते. त्यापूर्वी ते कामत, प्रभू, नायक किंवा शेणवी यांपैकी काय लावीत होते, हे कळत नाही. ख्रिस्ती घराण्यांत तर बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे आडनाव मिळाले, त्यामुळे एकाच आडनावाच्या दोन कुटुंबांत रक्ताचे नाते असेलच असे नाही.

याउलट मूळ गाव, कुलदैवत आणि गावकरीतील वांगड हे तीन धागे पक्के असतात. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आणि रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला नेण्यात आले. तेव्हा ‘आमचे मूळ गाव म्हार्दोळ’ असे घरात सांगत असतील, तर आधीचा मुक्काम वेर्णे परिसरात असण्याची शक्यता ध्यानी घ्यावी. तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादीतील कागद आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आलेल्या फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी आदी नव्या काबिजादीतील कागद यांचा इतिहासच वेगळा आहे. मूळ गाव कोणत्या भागात येते हे ठरल्याखेरीज दप्तर मागण्यात अर्थ नाही.

शोधाचा पहिला टप्पा मात्र जवळचाच असावा : आजोबांचा जन्मदाखला. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि त्यापाठोपाठ नागरी नोंदणीची व्यवस्था लागू झाली. गोव्यातील या नोंदवह्या सामान्यतः १९१४ पासून हाती लागतात. त्यांतील मूळ नोंद, जिला पोर्तुगीजमध्ये ‘आसेंतु’ म्हणतात, आजच्या छापील दाखल्याहून कितीतरी श्रीमंत असते. तीत आईवडिलांबरोबरच दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावे असतात. म्हणून संक्षिप्त दाखल्यावर समाधान न मानता संपूर्ण नोंदीची नक्कल मागावी. एका नोंदीत तीन पिढ्या मिळतात. १९२० साली जन्मलेल्याच्या नोंदीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोहोचता येते.

या नोंदी वाचताना काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पोर्तुगीज लेखनिकाने कानावर पडलेले नाव आपल्या वर्णमालेत बसवले. प्रभूचे ‘पोरोबो’, कामतचे ‘कामोतीं’, शेणवीचे ‘सिनाय’ झाले. ‘श’ हा ध्वनी ‘एक्स’ अक्षराने लिहिला जाई. डिचोलीची नोंद ‘ब’च्या सूचीत सापडेल, कारण पोर्तुगिजांचे ते ‘बिचोलीं’. एकाच माणसाचे नाव जन्मनोंदीत एक, विवाहनोंदीत दुसरे आणि खरेदीखतात तिसरे असणे हा येथे अपवाद नाही. आज वारसाहक्काच्या वा नागरिकत्वाच्या अर्जावर हीच तफावत आडवी येते, आणि तेव्हा ती दुरुस्त करण्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

‘नातुराल’ हा शब्द तर फसवाच. ‘नातुराल द’ नंतर गावाचे नाव असेल, तर त्याचा अर्थ त्या गावी जन्मलेला. पण ‘फिल्यु नातुराल’ म्हणजे विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला मुलगा. या दोहोंतील गल्लतीमुळे एखाद्या घरावर नसता कलंक येऊ शकतो, किंवा खरी माहिती नजरेआड होऊ शकते. काही नोंदींत वडिलांच्या जागी ‘अज्ञात’ असा शेरा आढळतो. तो शेरा त्या काळच्या कायद्याचा व समाजव्यवस्थेचा आहे. तेथे थबकण्याचे कारण नाही. आईचे नाव, तिचे गाव आणि तिची आई यांच्या आधाराने पुढे जावे.

स्त्रियांचा शोध हा या साऱ्यातला सर्वांत नाजूक भाग. हिंदू घरांत विवाहानंतर वधूचे नावही बदलले जाई. माझ्या पणजीला घरात सारे सासरच्या नावाने ओळखत. तिचे माहेरचे नाव सांगू शकेल असे कोणी उरले नव्हते. ते मिळाले आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या जन्मनोंदीत, आईच्या रकान्यात. आजोबांच्या स्वतःच्या नोंदीत मात्र सासरचे नाव होते. तेव्हा भावंडांच्या नोंदीही मागवून पाहाव्यात.

लेकींची नावे हमखास देणारे दुसरे साधन म्हणजे न्यायालयातील इन्व्हेंटरीचे दप्तर. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. तीत मुलीही वारस असल्याने वाटणीच्या कज्ज्यात साऱ्या वारसांची नावे नोंदवावी लागत. विवाहित मुलींच्या पतींचीही. जमीन, दागिने, भांडीकुंडी यांची यादी त्यातच असते. वंशवृक्षाच्या रेषांपलीकडे ते घर कसे जगत होते, हे या दप्तराइतके दुसरे काही क्वचितच सांगते.

गावकरीची दप्तरे व देवस्थानच्या महाजनांच्या याद्या मात्र पुरुषवंशाच्याच. कोमुनिदादीच्या नफ्यातील वाटा, म्हणजे झोण, मिळवण्यासाठी गावकराचा वंशज असल्याचे दाखवावे लागे. त्यामुळे बाप-लेकांची साखळी त्यात सहज जुळते. धर्मांतरानंतर नावे बदलली तरी वांगड टिकून राहिले, म्हणून ख्रिस्ती घराण्यांना हे दप्तर विशेष उपयोगी. जुने कागद गोयकानडी किंवा मोडी लिपीत असतात. ते वाचणारा जाणकार आधी गाठावा. महाजनांची नोंद १८८६ च्या माझानी नियमावलीने रूढ झाली. देवस्थानाच्या कार्यालयात किंवा मामलेदार कचेरीत तिची चौकशी करावी. नाशिक, त्र्यंबकेश्वर व गोकर्ण येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. तेथे मूळ गाव सांगावे लागते.

चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहाच्या वह्यांचे मूळ १५६३ साली संपलेल्या ट्रेंट धर्मपरिषदेच्या आदेशात आहे. जुन्या वह्यांपैकी काही सरकारी पुराभिलेखागारात आहेत. या संग्रहाची स्थापना १५९५ मधली. इतिहासकार दियोगो द कौतो हे त्याचे पहिले रक्षक.

थडग्यांविषयी अपेक्षा बेताचीच ठेवावी. गावच्या दफनभूमीत जागा अपुरी, त्यामुळे काही वर्षांनी अस्थी काढून तीच जागा पुन्हा वापरतात. सामान्य ख्रिस्ती कुटुंबाला पणजोबांचे थडगे सापडणे दुर्मीळ. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चची जमीन कोरीव थडग्यांच्या शिळांनी भरलेली आहे. पण ती मान्यवरांची. अशा शिळांवर नावापुढे ‘आणि त्याच्या वारसांचे’ असे शब्द आढळतात. म्हणजे एक शिळा एका व्यक्तीची असेलच असे नाही. वरचे साल पहिल्या मृत्यूचे किंवा जागा घेतल्याचेही असू शकते.

हिंदूंना थडगी नाहीत. वीरगळांवर व सतीशिळांवर बहुधा नाव नसते, तेव्हा शेतातला वीरगळ आपल्याच पूर्वजाचा मानण्याची घाई करू नये. आपले शिलालेख देवळांतून आहेत : अग्रशाळेच्या खोलीवरील संगमरवरी पाटी, घंटेवरील अक्षरे, दीपस्तंभाचा पायथा. देणगीदाराचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि पुष्कळदा ‘स्मरणार्थ’ म्हणून दिवंगत नातलगाचेही नाव तेथे कोरलेले असते. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवावे; तिथी पौष, माघ किंवा फाल्गुनातली असल्यास बहुधा ७९.