पर्यटक की निर्वासित? ‘सेंट लुईस’ जहाजाची कहाणी

१/
१३ मे १९३९. ‘सेंट लुईस’ हे आलिशान प्रवासी जहाज हॅम्बुर्गहून क्यूबाच्या हवाना बंदराकडे निघाले. त्यावर ९३७ प्रवासी होते. बहुतेक सारे नाझी राजवटीतून सुटू पाहणारे ज्यू.

२/
क्यूबात शिरणाऱ्या निर्वासिताला व्हिसा आणि ५०० डॉलरची हमी सक्तीची होती. पर्यटकाला दोन्हींतून सूट होती. पण पर्यटक नेमका कोण, हे कायद्याने स्पष्ट केले नव्हते. इमिग्रेशन खात्याचा प्रमुख मॅन्युएल बेनितेझ याने ही पळवाट हेरली आणि उतरण्याचे परवाने विकायला काढले.

३/
जहाज सुटण्याच्या आठवडाभर आधीच राष्ट्राध्यक्ष लारेदो ब्रू यांनी हे परवाने अवैध ठरवले. २७ मे रोजी जहाज हवानाला पोहोचले, तेव्हा वैध कागदपत्रे असलेल्या अवघ्या २८ जणांना उतरता आले.

४/
पुढे मायामीचे दिवे दिसत होते. अनेकांनी अमेरिकी व्हिसासाठी अर्जही केले होते. परंतु जर्मनी-ऑस्ट्रियासाठीचा २७,३७० चा वार्षिक कोटा भरला होता. जहाज माघारी वळले.

५/
१७ जूनला ते अँटवर्पला लागले. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी प्रवाशांना वाटून घेतले. वर्षभरातच यांपैकी ब्रिटन वगळता तिन्ही देश जर्मनीने व्यापले. परतलेल्यांपैकी २५४ जण होलोकॉस्टमध्ये बळी पडले.

६/
पर्यटक म्हणजे आपल्या घरी परत जाणारा पाहुणा. व्हिसाचे नियम आजही हेच गृहीत धरतात. ‘सेंट लुईस’च्या प्रवाशांना परत जाण्यासाठी घरच उरले नव्हते.