दीडशे घोड्यांचा हिशेब

तुमच्यापैकी कोणी अमेरिकेत जुनी, एका रांगेत सहा सिलिंडर असलेली गाडी घेतली असेल आणि यंदाच्या हिवाळ्यात गराजमध्ये बसून तिची ‘थोडी पॉवर वाढवू’ असा बेत असेल, तर खिशात हात घालण्याआधी १९५३ सालाकडे एक नजर टाका.

त्या वर्षी शेवरोलेने मिशिगनमधल्या फ्लिंटला पहिल्या ३०० कॉर्व्हेट बांधल्या. रूप स्पोर्ट्स कारचं, पण बॉनेटखाली घरगुती गाडीतलंच २३५ घनइंची, म्हणजे साधारण ३.९ लिटरचं इंजिन. (शेवरोले तेव्हा मुंबईत शिवडीलाही जोडली जाई. आजोबांच्या आठवणीतली गाडी याच घराण्यातली असू शकेल.) हातगिअरच्या साध्या गाडीत हे इंजिन १०८ हॉर्सपॉवर देई. तीन कार्बोरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, वाढवलेलं कॉम्प्रेशन असं सगळं करून कॉर्व्हेटमध्ये त्याचे १५० झाले. जनरल मोटर्सची तिजोरी मागे असताना ४२ घोडे वाढले!

जास्त का नाहीत? अडचण सिलिंडर हेडमध्ये होती. शेजारच्या दोन सिलिंडरना हवा घ्यायला एकच वाट, म्हणजे चाळीतल्या दोन बिऱ्हाडांना मिळून एक दार. बाहेर कितीही कार्बोरेटर लावा, आत जाताना गर्दी होणारच. वेन हॉर्निंगने बारा स्वतंत्र वाटांचं हेड बनवलं ते याचसाठी. शिवाय लांबलचक क्रँकशाफ्टला आधार फक्त चार बेअरिंगांचा, त्यामुळे फार पळवायचीही सोय नाही.

बरं, ते १५० तरी खरे होते का? तेव्हाचे आकडे ‘ग्रॉस’ असत. इंजिन स्टँडवर ठेवायचं, गाडीतला सायलेन्सर, एअर फिल्टर वगैरे काढायचे आणि मोजायचं. १९७२ पासून अमेरिकेत ‘नेट’ आकडे रूढ झाले. १९७१ला जनरल मोटर्सने दोन्ही छापले होते: २५० घनइंची सहा सिलिंडर इंजिन, ग्रॉस १४५, नेट ११०. इंजिन तेच!

हे मला आधी ठाऊक असतं तर एक आठवडा झोप लागली असती. माझ्या १९७१च्या नोव्हाच्या कागदावर १४५ होते आणि डायनोवर चाकांपाशी भरले ८८. विकणाऱ्याने गंडवलं असंच मी धरून चाललो होतो. पीएचडी असूनही कागदावरचा आकडा कसा मोजलाय हे विचारायचं सुचलं नाही. बाकीचे घोडे गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलने खाल्ले होते.

माझं मत विचाराल तर मूळ हेड ठेवून, रोज चालवायच्या गाडीत, नेट आकड्याच्या पाव पट वाढ मिळाली तरी पुष्कळ. दुप्पट हवी असेल तर टर्बो बसवा, पण मग पिस्टन, क्लच आणि ब्रेकचाही खर्च धरा. खुद्द शेवरोलेने १९५५ला कॉर्व्हेटमध्ये १९५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ घातलं आणि तिथला सहा सिलिंडरचा नाद सोडला.

मी मात्र कार्बोरेटर साफ केला, टायमिंग जुळवलं आणि पुन्हा डायनोवर गेलो. ९३ भरले.