थाळी पायातून जाते

देवरी-सालेकसा भागात मी क्रीडा शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. आश्रमशाळेचं मैदान म्हणजे धान निघाल्यावरची रिकामी बांधी. दिवाळीनंतर कापणी उरकायची, जमीन वाळून कडक व्हायची, आणि मग आम्ही धसकटं उपटून फक्की मारायचो. खुंटी ठोकून सव्वा मीटरची दोरी फिरवली की अडीच मीटर व्यासाचं वर्तुळ तयार. पुढे नियम बदलल्यावर त्याच खुंटीपासून वीस मीटरवर दोन खुणा करायच्या आणि त्या दोन खुणांमधलं अंतर बरोबर बारा मीटर ठेवायचं. एवढं जुळलं की नव्या नियमातला फेकीच्या क्षेत्राचा ३४.९२ अंशांचा कोन आपोआप मिळतो, कोनमापक लागत नाही. ही युक्ती आमच्या पिढीच्या प्रत्येक पी.टी.च्या मास्तराला तोंडपाठ होती.

आमच्यापैकी बरेच जण अमरावतीचे. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं विदर्भाला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक पुरवले. मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं, त्याचा अभिमान आम्हा विद्यार्थ्यांच्याही अंगात भिनलेला असे. थाळीफेक मी तिथेच शिकलो, गिरकीसकट. पण गावात आल्यावर गिरकी मागे पडली. मातीच्या वर्तुळात पाय वळवला की टाच रुतते, खड्डा पडतो, पोरगं तोल जाऊन रेषेबाहेर जातं आणि फेक बाद होते. म्हणून बहुतेक शाळांत एका जागी उभं राहूनच थाळी फेकायला शिकवत. अंगात भरपूर ताकद असलेल्या मुलांच्या एका अख्ख्या पिढीनं नुसत्या खांद्यानं थाळी फेकली. मला त्याची आजही हळहळ वाटते.

खरं तर हीच अडचण साऱ्या जगानं आधी अनुभवली होती. १८९६ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये थाळीफेक पुन्हा सुरू झाली तेव्हा प्राचीन ग्रीक कशी फेकत हे कुणालाच धड माहीत नव्हतं. प्रिन्स्टनच्या रॉबर्ट गॅरेटनं घरी लोहाराकडून जी थाळी बनवून घेतली होती ती भलतीच जड निघाली. अथेन्सला गेल्यावर खरी थाळी हाती आली, आणि त्यानं २९.१५ मीटर फेकून पहिलं स्थान मिळवलं. ग्रीकांचा भर प्राचीन शिल्पकार मायरनच्या थाळीफेक्याच्या प्रसिद्ध पुतळ्यावर होता. अंग पिळून वाकलेला तो खेळाडू पाहून त्यांनी उभ्या जागची एक 'ग्रीक पद्धत' ठरवली आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिची वेगळी स्पर्धाही झाली. पुतळ्यात एकच क्षण गोठलेला असतो. त्याच्या आधी पाय कुठे होता हे पुतळा सांगत नाही. ते कोडं पुढे खेळाडूंनी स्वतः वर्तुळात फिरून सोडवलं. अमेरिकेच्या क्लॅरन्स हाउझरनं १९२० च्या दशकात दीड फेऱ्याची वेगवान गिरकी रुळवली आणि १९२४ व १९२८ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदकं घेतली. आल ऑर्टरनं १९५६ पासून सलग चार ऑलिंपिक जिंकली. वर्तुळही मातीचं न राहता सिमेंटचं झालं. माझ्या मते पुढच्या अंतरांत त्या सिमेंटचा वाटा प्रशिक्षकांइतकाच मोठा आहे.

आमच्याकडे थाळीफेकीला लोकप्रियता मिळवून दिली ती दूरदर्शननं. 'महाभारत' लागायचं तेव्हा ज्या घरी टीव्ही असेल तिथे अख्खं गाव जमायचं. मी मुलांना सांगायचो, हा जो भीम दिसतो ना, ते प्रवीण कुमार. बँकॉकला १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचं सोनं त्यांनीच आणलं. दुसऱ्या दिवशी थाळीसाठी रांग लागायची. थाळी मात्र शाळेला एकच, लाकडी, कडेची पट्टी उखडलेली.

म्हणून सराव सायकलच्या जुन्या टायरवर. टायर हलका, मोठा आणि हाताच्या मागे रेंगाळणारा. हात आधी पुढे काढला की तो लगेच भलतीकडे जातो, त्यामुळे खोड आपोआप मोडते. एक मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "सर, जोर तं लावतो, पन जातच नाही." मी म्हणालो, "हाताले विसर, पायानं फेक." फेकायच्या दिशेला पाठ, गुडघे वाकलेले, डाव्या पायाच्या चवड्यावर फिरायचं, उजवा पाय वर्तुळाच्या मध्यावर, डावा पुढच्या कडेशी. कंबर वळून समोर आलेली असते तरी हात अजून मागेच. गोफणीतल्या दगडासारखा तो सगळ्यात शेवटी येतो. थाळी चार बोटांच्या शेवटच्या पेरांवर टेकलेली, आणि सुटते ती तर्जनीवरून. समोरून बेताचा वारा असेल तर ती उलट जास्त तरंगते, हे पाहून मुलांचे डोळे विस्फारायचे.

 

यात आमच्या मुली सर्वांत लवकर तयार झाल्या. रोवणीच्या दिवसांत चिखलात पाय रोवून दिवसभर वाकणाऱ्या, डोक्यावर पेंढ्या वाहणाऱ्या त्या पोरींच्या मांड्यांत आणि कमरेत जे बळ होतं, ते शहरातल्या व्यायामशाळेत सहज मिळत नाही. महिलांची थाळी एक किलोची, पुरुषांची दोन. कृष्णा पुनियांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सोनं घेतलं तेव्हा मला या मुली आठवल्या.

जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना माझी विनंती आहे. शाळेच्या आवारात अडीच मीटर व्यासाचं लोखंडी कडं बसवा, आत सिमेंट ओता, पृष्ठभाग कड्याच्या दोन सेंटिमीटर खाली आणि किंचित खरखरीत ठेवा, आणि भोवती जाळी लावायला विसरू नका. एवढ्यावर गिरकी शिकवता येते.