रत्नागिरीतील एक जन्म आणि राज्यघटनेचे पाचवे कलम

ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यास ब्रिटिशांनी एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले आणि १९१६ साली तेथेच त्याचा अंत झाला. थिबा राजवाड्याचा इतिहास कोकणच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. येथे विचार करावयाचा आहे तो या बंदिवासातून उद्भवलेल्या जन्मसिद्ध नागरिकत्वाच्या प्रश्नाचा.

थिबाची थोरली कन्या फाया जी आणि राजाच्या सेवेतील पहारेकरी गोपाळ सावंत यांना १९०६ साली रत्नागिरीत टुटु ही मुलगी झाली. सावंत आधीच विवाहित होते. १९१९ मध्ये राजकुटुंब रंगूनला परतले. परंतु थोरली राजकन्या मुलीसह पुन्हा रत्नागिरीत आली आणि जून १९४७ मध्ये तेथेच निवर्तली. टुटुचे उर्वरित आयुष्य रत्नागिरीतच, दारिद्र्यात गेले. मराठी गृहस्थाशी विवाह करून मराठीच बोलणारी ही राजाची नात २००० साली मरण पावली.

१९०६ मध्ये लागू असलेला इंग्रजी सामान्य कायद्याचा नियम सरळ होता. राजसत्तेच्या प्रदेशात जन्मलेला तो त्या सत्तेचा प्रजाजन. मातापित्यांचे कूळ वा विवाह यांची चौकशी त्यात नव्हती. थिबाची धाकटी कन्या १८८७ साली रत्नागिरीतच जन्मली. ज्या सत्तेने पित्याचे सिंहासन हिरावले, तिचीच ती जन्माने प्रजा ठरली!

स्वतंत्र भारताने हे जन्मतत्त्व स्वीकारावे काय, यावर संविधान सभेत मतभेद झाले. एप्रिल १९४७ मध्ये सरदार पटेलांनी नागरिकत्वाच्या व्यापक कल्पनेची बाजू घेतली होती. ऑगस्ट १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी सुधारित कलम मांडताना त्याने मसुदा समितीला किती डोकेदुखी दिली हे मोकळेपणाने सांगितले. (त्यांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातीलच.) अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी कडाडून विरोध केला. मुंबई बंदरात काही तास थांबलेल्या परदेशी स्त्रीचे मूलही भारतीय ठरेल काय, अशा आशयाचा त्यांचा आक्षेप होता. हिंदू वा शीख धर्मीय असून अन्य राष्ट्राचा नागरिक नसलेल्या व्यक्तीस नागरिकत्व द्यावे, ही त्यांची सूचना मात्र सभेने स्वीकारली नाही. पाचव्या कलमात भारतातील जन्म हा आधार राहिला. मात्र त्याला अधिवासाची अट जोडलेली होती. देशमुखांच्या उदाहरणाला उत्तर या अटीतच होते, असे म्हणावे लागते.

टुटुच्या बाबतीत खरी गुंतागुंत याच अटीत आहे. अधिवासाच्या पारंपरिक नियमानुसार अनौरस अपत्याला मातेचा अधिवास लाभतो. आणि बंदिवासातील सक्तीच्या वास्तव्याने नवा अधिवास प्राप्त होत नाही. म्हणजे टुटुचा मूळ अधिवास ब्रह्मदेशाचा, असा युक्तिवाद संभवतो. तथापि विवाहित स्त्रीला पतीचा अधिवास मिळतो, हा त्या काळचा नियम तिला उपकारक ठरतो. शिवाय बंदिवास संपल्यावर माता स्वेच्छेने रत्नागिरीस परतली, ही गोष्टही महत्त्वाची आहे. राज्यघटना अमलात येताना टुटु भारताची नागरिक होती, हा निष्कर्ष त्यामुळे टिकतो. तिचे राजरक्त वा अनौरस जन्म त्याच्या आड येत नाही.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याने २६ जानेवारी १९५० नंतरच्या जन्मांसाठी अधिवासाची अटही ठेवली नाही. परकीय राजदूतांची अपत्ये आणि शत्रूव्याप्त प्रदेशात शत्रूच्या नागरिकांना झालेली अपत्ये एवढेच अपवाद केले. पुढे आसाममधील स्थलांतराच्या प्रश्नाच्या पार्श्वभूमीवर १९८६ ची दुरुस्ती झाली. १ जुलै १९८७ पासून जन्मासोबत मातापित्यांपैकी एक जण भारतीय नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कठोर झाली: एक जण नागरिक असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

आज रत्नागिरीत विवाहबाह्य संबंधातून, परदेशातून आलेल्या मातेच्या पोटी असेच मूल जन्मले, तर केवळ जन्मस्थळ पुरेसे ठरणार नाही. प्रथम पितृत्व आणि पित्याचे नागरिकत्व सिद्ध करावे लागेल. तेवढे झाल्यावरही, माता वैध कागदपत्रांविना आलेली असेल, तर त्या मुलास जन्माने नागरिकत्व मिळणार नाही.