रनीमीडच्या कुरणावर

इंग्लंडच्या गादीवर हेन्री नावाचे आठ राजे झाले, एडवर्डही आठ झाले, जॉर्ज सहा झाले. चार्ल्स नावाच्या एका राजाचे मस्तक १६४९ साली लंडनात त्याच्याच राजवाड्यासमोर उडवले गेले, तरी ते नाव काही इंग्रजांनी टाकले नाही. आज तिसरा चार्ल्स गादीवर आहे. जॉन मात्र एकच. आपल्याकडे मुलाचे नाव कुणी दुर्योधन ठेवीत नाही, तसेच काहीसे या नावाचे झाले. घरोघरी जॉन आहेत, पण आठशे वर्षांत गादीवर दुसरा जॉन आला नाही.

शिक्षकी पेशात शिरताना ज्यांना शिक्षणाचा इतिहास घोकावा लागला, त्यांना १८५४ चा वुडचा खलिता ‘हिंदी शिक्षणाचा मॅग्ना कार्टा’ म्हणून पाठ असतो. मलाही तो तसाच पाठ आहे. राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्यालाही आपल्या जुन्या पुढाऱ्यांनी हेच बिरुद बहाल केले होते. शब्द तोंडात बसला. पण ती मूळ सनद कुणी, कुणाकडून, कोणत्या प्रसंगी वसूल केली, हे विचारण्याच्या भानगडीत फारसे कुणी पडत नाही. ती कथा मोठी रंजक आहे, आणि तिचा नायक, नायक कसला, खलनायकच म्हणा, हा जॉन.

दुसऱ्या हेन्रीचा हा शेंडेफळ. वडील भावांना मुलूख वाटून झाले तेव्हा याच्या वाट्याला काही उरले नाही, म्हणून बापानेच थट्टेने त्याला ‘बिनजमिनीचा’ म्हटले, आणि ते नाव जन्माला चिकटले. बापाचा याच मुलावर जीव. पुढे मुले बापावर उलटली, आणि ११८९ साली आजाराने खंगलेल्या हेन्रीने आपल्याविरुद्ध फितलेल्यांची यादी मागवली, तर तीत लाडक्या जॉनचेही नाव! म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला आणि थोड्याच दिवसांत गेला. थोरला भाऊ रिचर्ड, ज्याला लोक ‘सिंहहृदयी’ म्हणत, धर्मयुद्धावरून परतताना कैद झाला, तेव्हा प्रजा पोटाला चिमटा घेऊन त्याच्या दीड लाख मार्कांच्या खंडणीची जमवाजमव करीत होती. आणि धाकटे बंधुराज फ्रान्सच्या राजाशी संगनमत करून ‘याला आणखी काही दिवस आत ठेवा’ म्हणून उलट पैसे देऊ करीत होते. सुटून आल्यावर रिचर्डने त्याला ‘तू अजून पोर आहेस’ असे म्हणून क्षमा केली असे सांगतात. पोराचे वय तेव्हा सत्तावीस होते.

रिचर्ड ११९९ साली निपुत्रिक मेला आणि जॉन गादीवर बसला. मधल्या एका भावाचा मुलगा आर्थर हाही वारस होता. १२०२ साली तो पोरगा जॉनच्या हाती सापडला आणि पुढच्या वर्षी रूआँच्या किल्ल्यात नाहीसा झाला. कसा, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. आपल्याला नारायणराव पेशव्यांची आठवण व्हावी असे हे प्रकरण; फरक इतकाच, की शनिवारवाड्यातल्या ‘काका, मला वाचवा’ला निदान लोकांनी कान दिले, आणि येथे काकाच्या किल्ल्याबाहेर आवाजही आला नाही. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून हा मोह मला कळतो: शेक्सपियरने जॉनवर नाटक लिहिले ते या पोरावर सगळी करुणा ओतून. गंमत अशी, की त्या अख्ख्या नाटकात सनदेचा उल्लेखदेखील नाही! लोकांना तिची महती तेव्हा वाटत नव्हती, हाच त्याचा अर्थ.

आर्थरच्या गहाळ होण्याने जॉनचे फ्रान्समधले सरदार बिथरले आणि १२०४ साली नॉर्मंडी गेली. हा बापजाद्यांचा मुलूख परत मिळवायचा, या एका ध्यासाने पुढची दहा वर्षे खाल्ली. त्यासाठी पैसा हवा होता. सनदेची खरी जन्मकथा स्वातंत्र्याच्या घोषणांत नसून या पैशांच्या हिशेबात आहे.

हिशेब आपल्याला इतके तपशीलवार माहीत आहेत याचे श्रेयही जॉनच्याच कारकिर्दीला आहे. त्याच्या दप्तरात निघालेल्या पत्रांच्या नकला ठेवण्याची पद्धत पडली, आणि ती गुंडाळी-दप्तरे आजही लंडनला आहेत. राजा आळशी मुळीच नव्हता. तो राज्यभर सतत फिरे, खटले स्वतः ऐके, ग्रंथ बाळगी. उपासाच्या दिवशी मांस खाल्ले किंवा सणाच्या दिवशी शिकारीला गेला तर तितक्या गोरगरिबांना जेवू घाली. त्या पापपुण्याचाही खर्च दप्तरात पडलेला आहे. अशा हुशार आणि कामसू माणसाचा छळ ढिसाळ माणसाच्या छळापेक्षा जाचक होतो, कारण त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

सरदाराने लढाईला यायचे, नाही तर त्याऐवजी पैसे भरायचे. या पैशाला लॅटिनमधल्या ढालीच्या शब्दावरून नाव होते, आपण ढालपट्टी म्हणू. आधीच्या राजांनी ती क्वचित घेतली. जॉनने सोळा वर्षांत अकरा वेळा घेतली. वारसाला बापाची जहागीर हाती घ्यायची तर राजाला नजराणा द्यावा लागे, आणि वाजवी नजराणा शंभर पौंडांचा समजत. निकोलस द स्टटव्हिल नावाच्या सरदाराला जॉनने १२०५ साली दहा हजार मार्क आकारले, म्हणजे सुमारे सहासष्ट पट. हे पैसे फिटणार नाहीत हे राजालाही ठाऊक होते. आणि फिटू नयेत हाच डाव होता. कर्जात बुडालेला सरदार वेसण घातलेल्या बैलासारखा चालतो. विधवांचेही तेच. सरदाराची बायको विधवा झाली की तिचे पुनर्लग्न राजाच्या मर्जीवर; तिला नको असेल तर तिने पैसे भरावे, दुसऱ्या कुणाला ती हवी असेल तर त्याने भरावे. जॉनने आपल्या स्वतःच्या टाकलेल्या पहिल्या बायकोचा हात जेफ्री द मँडेव्हिलच्या गळ्यात वीस हजार मार्कांना बांधला!

विल्यम द ब्रिओज हा एके काळी जॉनच्या खास मर्जीतला. आयर्लंडातल्या लिमरिकच्या जहागिरीसाठी त्याने पाच हजार मार्क कबूल केले होते. मर्जी फिरली तशी बाकीची मागणी आली आणि राजाने मुलगा ओलीस मागितला. त्याची बायको मटिल्डा फटकळ होती. ज्याने स्वतःच्या पुतण्याचे असे केले त्याच्या हाती मी माझा मुलगा देणार नाही, असे ती राजाच्या माणसांसमोर बोलून गेली, असे त्या काळचे बखरकार सांगतात. १२१० साली ती आणि तिचा थोरला मुलगा राजाच्या कैदेत अन्नावाचून मेली. नवरा परागंदा होऊन फ्रान्सात वारला. ना खटला, ना पंच, ना निवाडा. इंग्लंडमधल्या प्रत्येक गढीत त्या रात्री काय बोलणे झाले असेल याची कल्पना करावी.

मधल्या काळात कँटरबरीच्या आर्चबिशपच्या नेमणुकीवरून पोपशी भांडण झाले. पोपने सगळ्या राज्यावर धर्मबंदी घातली, पुढे राजालाही वाळीत टाकले. सहा वर्षे देवळांतली उपासना बंद होती. शेवटी १२१३ मध्ये जॉनने शरण जाऊन इंग्लंड पोपच्या चरणी वाहिले आणि वर्षाला हजार मार्क देणारा मांडलिक म्हणून परत घेतले. त्याच्या शत्रूंनी नाके मुरडली. पण ही चाल धूर्त होती, हे पुढे दिसेल.

२७ जुलै १२१४ रोजी बूव्हीनच्या लढाईत जॉनच्या दोस्तांचा चुराडा झाला. दहा वर्षांची कमाई एका दिवसात गेली, आणि राजा रिकाम्या तिजोरीनिशी परत येऊन पुन्हा ढालपट्टी मागू लागला. उत्तरेकडचे सरदार उठले. १७ मे १२१५ रोजी लंडन शहराने त्यांना आत घेतले आणि राजाचा निरुपाय झाला. विंडसरला राजा, स्टेन्सला सरदार. दोहोंच्या मध्ये थेम्सच्या काठी रनीमीडचे ओले कुरण. अशा दलदलीच्या जागी लढाई करता येत नाही, म्हणूनच ती बोलणी करायला बरी. स्टीफन लँग्टन हा आर्चबिशप मध्यस्थ. सनदेवर तारीख आहे १५ जून १२१५. चित्रांतून जॉन टाक हाती धरून सही करताना दाखवतात ते खोटे. सनदेवर राजाची मोहोर लागली, सही नाही.

मेंढीच्या एका कातड्यावर बारीक लॅटिन अक्षरांत सुमारे साडेतीन हजार शब्द. त्यांची त्रेसष्ट कलमे आपण मोजतो, मूळ लेखात आकडे नाहीत. मोठमोठ्या तत्त्वांच्या अपेक्षेने वाचायला बसावे तर भेटतात ते मासे! थेम्स आणि मेडवे या नद्यांतले मासे धरण्याचे बांध काढून टाकावेत, म्हणजे नावा चालतील. दारूचे, धान्याचे माप राज्यभर एक असावे, कापडाचा पन्हा एक असावा. किल्लेदाराने कुणाचे धान्य रोख पैसे दिल्याशिवाय उचलू नये. मालकाच्या संमतीवाचून त्याची घोडी-गाडी वेठीला धरू नये. नजराणा शंभर पौंडांहून जास्त नाही. विधवेला लग्नाची सक्ती नाही. दंड करताना व्यापाऱ्याचा माल आणि कुळवाड्याची शेती बुडेल इतका करू नये, आणि तो शेजारच्या सचोटीच्या माणसांनी शपथेवर ठरवावा. मला ही कलमे फार आवडतात. ज्याच्या दारची गाडी ओढून नेली त्याचा संताप त्यांत अजून ताजा आहे.

ढालपट्टी राज्याच्या सर्वांच्या सल्ल्यावाचून घ्यायची नाही, हे बारावे कलम. आणि एकोणचाळिसावे: कोणाही स्वतंत्र माणसाला, त्याच्या बरोबरीच्यांच्या निवाड्यावाचून किंवा देशाच्या कायद्यावाचून, पकडू नये, कैदेत टाकू नये, त्याची जमीन हिरावू नये, त्याला देशोधडीला लावू नये. मटिल्डेचे नाव कलमात नाही. तेथे उपस्थित असलेल्या कुणाला ते आठवले नसेल असे मात्र मला वाटत नाही. ‘स्वतंत्र माणूस’ या शब्दांत मेख आहेच. खेड्यापाड्यातला जमिनीला बांधलेला मोठा वर्ग त्यात येत नव्हता, आणि सरदारांना त्याची फिकीरही नव्हती. कुळवाड्याला राजाच्या दंडापासून वाचवले, तेही बहुधा तो आपली मालमत्ता म्हणून.

हा शब्द समुद्र ओलांडून आपल्याकडे आला तेव्हाही मेख तशीच राहिली. १८९७ साली पुण्यात रँडच्या खुनानंतर बाळासाहेब आणि तात्यासाहेब नातू या सरदार बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचलले. आरोप नाही, खटला नाही. सुमारे दोन वर्षे दोघे भाऊ अटकेत होते. त्या वेळच्या शाळांतून आपली मुले इंग्लंडच्या इतिहासात जॉन राजाचा धडा वाचतच होती.

सनदेचे दात होते एकसष्टाव्या कलमात. पंचवीस सरदारांनी राजावर नजर ठेवायची. त्याने वचन मोडले आणि चाळीस दिवसांत सुधारले नाही, तर त्याचे किल्ले, जमिनी जप्त करायच्या. राजा, राणी आणि मुलांच्या जिवाला तेवढे शिवायचे नाही. कोणता राजा हे सहन करील? जॉनने मोहोर लावली ती तात्पुरती सुटका म्हणून. आता त्याच्या धन्याची, पोपची, किंमत कळली. सक्तीने घेतलेली म्हणून तिसऱ्या इनोसंटने २४ ऑगस्टला सनद रद्द ठरवली. दहा आठवड्यांत शांतता संपली.

मग युद्ध. रॉचेस्टरच्या किल्ल्याखाली जॉनने सुरुंग खणला आणि चाळीस डुकरे मागवली, खायला नालायक पण चरबीने लठ्ठ अशी. त्यांच्या चरबीवर सुरुंगातली लाकडे पेटवली आणि किल्ल्याचा एक कोपरा ढासळला. तो नंतर गोल बांधला. बाकीचे तीन अजून चौकोनी आहेत. सरदारांनी फ्रान्सच्या युवराजाला, लुईला, बोलावले. १२१६ च्या ऑक्टोबरात वॉश नावाच्या खाडीत भरतीने जॉनचे सामानसुमान गिळले. तो हगवणीने आजारी होता आणि त्यात पीच फळे आणि ताजी सायडर झोडली, असे म्हणतात. १८ ऑक्टोबरच्या रात्री न्यूअर्कला तो मेला. वुस्टरच्या देवळात त्याची कबर आहे.

मागे राहिला नऊ वर्षांचा हेन्री, आणि त्याच्या वतीने सत्तरीतला विल्यम मार्शल. अर्धे राज्य लुईकडे. या म्हाताऱ्याने जे केले त्यात मला सगळ्या कथेतला खरा मुत्सद्दी दिसतो. ज्या सनदेसाठी बंड झाले, तीच त्याने नोव्हेंबरात राजाच्या बाजूने जाहीर केली. पंचवीस सरदारांचे कलम आणि ढालपट्टीवरची अट मात्र गाळली. बंडखोरांच्या हातातला झेंडाच त्याने काढून घेतला, आणि वर्षभरात लुई परत गेला. १२१७ मध्ये जंगलाच्या हक्कांची वेगळी छोटी सनद निघाली, म्हणून ही ‘मोठी’. नावातला मोठेपणा असा लांबीरुंदीचा आहे.

पुढे राजांना पैसे लागले की ती पुन्हा काढावी लागे. १३०० सालची एक अस्सल प्रत हार्वर्डच्या कायदा विद्यालयाने १९४६ साली नक्कल समजून साडेसत्तावीस डॉलरला घेतली होती. ती अस्सल असल्याचे २०२५ साली दोन इंग्रज इतिहासकारांनी दाखवून दिले. परंतु कायद्यात जी टिकली ती १२२५ सालची आवृत्ती. हेन्री तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि फ्रान्समधल्या लढाईसाठी पैसा हवा होता. प्रजेने जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा दिला, सुमारे चाळीस हजार पौंड जमले, आणि राजाने मोहोर लावली. ही सनद आपण स्वखुशीने देत आहोत, असे तीत आरंभीच लिहिले आहे.